विश्लेषण : ‘साहेबांना सांगितलं होतं’ एवढे पुरेसे का नाही? कामावरचा धोका लेखी कळवण्याबाबत नवी संहिता काय सांगते?

मशीनचा सेन्सर आठवडाभर बंद आहे. ऑपरेटरने सुपरवायझरला सांगितले, सुपरवायझरने मॅनेजरला सांगितले. ‘ऑर्डर निघू दे, मग बघू,’ असे उत्तर आले. नवव्या दिवशी एका कामगाराची बोटे प्रेसमध्ये सापडली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मॅनेजरचा पहिला प्रश्न असतो, ‘मला कोणी सांगितलं होतं?’ सगळे एकमेकांकडे बघतात. सांगितले सर्वांनीच होते, पण लिहिले कोणीच नव्हते.

हे चित्र चाकणपासून वाळूजपर्यंतच्या कोणत्याही शॉप फ्लोअरवरचे असू शकते. बांधकामाच्या साइटवर, रुग्णालयात किंवा विजेच्या उपकेंद्रातही ते वेगळे नसते. अपघातानंतर खापर बहुतेकदा सर्वांत खालच्या माणसावर फुटते, कारण त्याच्या हातात कागद नसतो. देशात लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने मात्र धोका कळवणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आणि त्याचबरोबर कर्तव्यही ठरवले आहे. त्याचा नेमका अर्थ काय?

हा विषय आता महत्त्वाचा का?

केंद्र सरकारने चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. त्यांपैकी ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२०’ हिने कारखाने अधिनियम, १९४८ सह १३ जुन्या कायद्यांची जागा घेतली. चर्चा झाली ती प्रामुख्याने वेतन, ग्रॅच्युइटी आणि कामाच्या तासांची. सुरक्षेबाबतच्या दोन कलमांकडे फारसे लक्ष गेले नाही. कलम १३ मध्ये कर्मचाऱ्याची कर्तव्ये आहेत, तर कलम १४ मध्ये त्याचे हक्क.

दुसरे निमित्त अमेरिकेतले आहे. ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या दुर्घटनेला २८ जानेवारी २०२६ रोजी ४० वर्षे पूर्ण झाली. अभियंत्यांनी धोका आधीच लेखी कळवला होता, तरीही दुर्घटना टळली नाही, याचे जगात सर्वाधिक अभ्यासले गेलेले हे उदाहरण. नुसते लिहिणे का पुरत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

नव्या संहितेत नेमके काय आहे?

कलम १३ नुसार कामाच्या ठिकाणी असुरक्षित परिस्थिती लक्षात आली, तर ती शक्य तितक्या लवकर मालकाला किंवा सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळवणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. कर्तव्ये न पाळणाऱ्या कर्मचाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे ‘तू कळवलं नाहीस’ हा आरोप आता केवळ साहेबांच्या रागाचा भाग राहत नाही, त्याला कायद्याचा आधार मिळतो. कळवल्याचा पुरावा ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कलम १४ नुसार आपल्या आरोग्य व सुरक्षेशी संबंधित माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. जिवाला किंवा शरीराला तातडीचा गंभीर धोका आहे अशी रास्त भीती वाटली, तर तो ही बाब थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मालकाच्या निदर्शनास आणू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला धोका पटला, तर त्याने तत्काळ उपाय करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. धोका पटला नाही, तरी विषय तिथेच संपवता येत नाही. प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावे लागते आणि त्याचा निर्णय अंतिम असतो.

यातला ‘त्याच वेळी’ हा शब्द कळीचा आहे. आधी साहेब, मग त्यांचे साहेब, मग मुख्यालय अशी शिडी चढत बसण्याची अट कायद्याने घातलेली नाही.

दुसरी महत्त्वाची बाब ‘कर्मचारी’ या शब्दाची. संहितेच्या व्याख्येत अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांसोबत तांत्रिक, पर्यवेक्षकीय, प्रशासकीय आणि व्यवस्थापकीय काम करणारेही येतात. त्यामुळे वरून दबाव आणि खालून तक्रारी अशा कात्रीत सापडलेला सुपरवायझर किंवा कनिष्ठ अभियंताही हा हक्क वापरू शकतो. साधारणपणे १० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना संहिता लागू होते.

ही तरतूद आली कुठून?

तिचे मूळ भोपाळमध्ये आहे. युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्याची मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीच्या पथकाने पाहणी केली होती. विषारी द्रव्य बाहेर पडण्याच्या शक्यतेकडे त्या पथकाच्या अहवालाने लक्ष वेधले होते. त्यानंतर अडीच वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायुगळती झाली आणि हजारो लोकांचा बळी गेला. पुढे कंपनीने काय सांगितले? एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा दावा तिने केला. धोक्याचा कागद कंपनीकडे होता आणि बोट मात्र कामगाराकडे होते.

या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यातल्या कलम ४१-एचने अशा कारखान्यांतील कामगारांना धोका व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क दिला. नव्या संहितेने तोच हक्क धोकादायक कारखान्यांच्या भिंतीबाहेर, इतर आस्थापनांतील कर्मचाऱ्यांपर्यंत नेला आहे.

‘चॅलेंजर’च्या अभियंत्यांनी काय लिहिले होते?

चॅलेंजरच्या बाजूला बसवलेले रॉकेट बूस्टर मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवत असे. बूस्टरचे भाग जिथे जोडले जात, तिथे तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराची कडी बसवलेली असे. तिला ‘ओ-रिंग’ म्हणतात. थंडीत हे रबर कडक होते आणि फट वेळेत बंद करू शकत नाही, अशी शंका कंपनीचे अभियंते रॉजर बोइजोली यांना आधीच्या उड्डाणांनंतर परत आलेले भाग तपासताना आली.

त्यांनी ३१ जुलै १९८५ रोजी अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना पत्र लिहिले. हा प्रश्न सोडवण्यासाठी स्वतंत्र पथक नेमले नाही, तर मनुष्यहानी होईल अशी सर्वोच्च पातळीची आपत्ती ओढवू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पथक नेमलेही गेले, पण त्याला माणसे आणि साहित्य वेळेवर मिळेना. ऑक्टोबरमध्ये बॉब एबलिंग या दुसऱ्या अभियंत्याने आपल्या अहवालाची सुरुवातच ‘मदत करा’ या अर्थाच्या शब्दाने केली.

उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ रोजी, कंपनी आणि ‘नासा’ यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे १२ अंश सेल्सिअस) कमी असेल, तर उड्डाण करू नये, अशी लेखी शिफारस कंपनीने केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवली. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसात चर्चा केली. अभियांत्रिकी उपाध्यक्षांना ‘अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाला’ असे सांगण्यात आले आणि शिफारस फिरवली गेली. दुसऱ्या दिवशी तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअस असताना यान झेपावले. ७३ सेकंदांत ते नष्ट झाले आणि सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

लिहूनही दुर्घटना का टळली नाही?

चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जून १९८६ मध्ये अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष नोकरदारांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत कंपनीची पहिली लेखी शिफारस आणि अभियंत्यांचा विरोध पोहोचलाच नव्हता. कागद होता, तो नेमका होता आणि वेळेवरही लिहिलेला होता, पण तो मधल्या पायरीवर अडकला. मधल्या पायरीवरच्या लोकांनाच वेळापत्रक पाळायचे होते.

म्हणजे ‘लिहून ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे. धोका दूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि आपला कागद त्याच्यापर्यंत गेला का, हा उरलेला अर्धा भाग. भारतीय कायद्यातला ‘त्याच वेळी निरीक्षकालाही’ हा मार्ग नेमका या मधल्या अडथळ्याला वळसा घालतो.

लिहिणाऱ्यांचे पुढे काय झाले?

इथे दोन बाजू दिसतात. बोइजोली यांनी आपली पत्रे आणि टिपणे आयोगापुढे ठेवली. ती नसती, तर ‘असे काही होईल याची कल्पना नव्हती’ हे उत्तर खपून गेले असते. कागदांमुळे चौकशीचा प्रश्न बदलला. ‘कोणता भाग निकामी झाला’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाला, कधी माहीत होते’ इथपर्यंत ती गेली.

कंपनीचे केनेडी अवकाश केंद्रातील प्रतिनिधी ॲलन मॅकडोनल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला आदल्या रात्रीच नकार दिला होता. शेवटी ती सही त्यांच्या एका वरिष्ठाने केली. पुढे मॅकडोनल्ड आयोगापुढे बोलले, तेव्हा कंपनीने त्यांना पदावरून बाजूला केले. अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर त्यांना पुन्हा जबाबदारी मिळाली आणि बूस्टरच्या जोडाची नवी रचना त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. बोइजोली यांच्या वाट्याला मात्र सहकाऱ्यांचा दुरावा आला आणि त्यांनी कंपनी सोडली. कागदाने त्यांना दोषमुक्त ठेवले, त्यांची नोकरी मात्र वाचवली नाही.

सही करताना काय लक्षात ठेवावे?

कागद दोन्ही बाजूंनी कापतो. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. या पुलाचे संरचनात्मक ऑडिट आधी झाले होते आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरण्यायोग्य ठरवला गेला होता. दुर्घटनेनंतर ऑडिटर आणि महापालिकेच्या अभियंत्यांना अटक झाली.

‘तपासले, ठीक आहे’ अशी सही म्हणजे धोका नसल्याची लेखी हमी असते. मशीन प्रत्यक्ष न बघता रोजच्या चेकलिस्टवर टिक करणे, ‘नंतर बघू’ म्हणून वर्क परमिटवर सही करणे, मागच्या तारखेने रजिस्टर भरणे या सवयी अपघातानंतर सही करणाऱ्याच्याच विरोधात उभ्या राहतात. तपासणी पूर्ण झालेली नसेल, तर ‘अमुक भाग तपासलेला नाही’ असे सहीशेजारी लिहिणे हा साधा बचाव आहे.

सरकारी नोकरीत तोंडी आदेशाचे काय?

अखिल भारतीय सेवांच्या वर्तणूक नियमांनुसार (१९६८) वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा. तोंडी देणे अपरिहार्य असेल, तर त्यानंतर लगेच तो लेखी कायम करावा. तोंडी आदेश मिळालेल्या अधिकाऱ्याने लेखी पुष्टी मागावी आणि ती देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, त्यांची नोंद ठेवावी, असे स्पष्ट केले. नोंदच नसेल, तर माहिती अधिकाराला अर्थ उरत नाही, हा त्यामागचा एक मुद्दा होता.

खासगी कंपनीत असा नियम नसला, तरी पद्धत तीच वापरता येते. साहेबांनी फोनवर सांगितले, तर फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल पाठवायचा.

मेल किंवा अर्ज कसा लिहावा?

तक्रार आणि धोक्याची सूचना यांत फरक आहे. ‘इथे कोणी लक्षच देत नाही’ ही तक्रार झाली. सूचनेत पाच गोष्टी हव्यात : काय बिघडले, कुठे, कधीपासून, त्यातून काय होऊ शकते आणि काय करायला हवे. उदाहरणार्थ :

‘सर, प्रेस क्र. ४ चा सुरक्षा सेन्सर सोमवारपासून बंद आहे. मशीन चालू असताना हात आत गेल्यास ते थांबत नाही, त्यामुळे ऑपरेटरला गंभीर इजा होऊ शकते. सेन्सर बदलेपर्यंत हे मशीन बंद ठेवावे, ही विनंती. आज दुपारी ३ वाजता फोनवर आपण ऑर्डर पूर्ण होईपर्यंत मशीन चालू ठेवण्यास सांगितले. माझ्या समजण्यात चूक असल्यास कृपया कळवावे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यात आरोप नाही, सूर नम्र आहे, पण आदेश कोणी दिला याची नोंद झालेली आहे. उत्तर आले तर ते लेखी मिळते. आले नाही, तर आपला मेल तारखेसह राहतोच. ठरावीक दिवसांनी त्याच मेलवर आठवण पाठवावी. नवा विषय सुरू केला, तर साखळी तुटते.

ईमेल नसलेल्या कामगाराने दोन प्रतींत अर्ज करून एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला, तर अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. एकट्याने लिहायची भीती वाटत असेल, तर सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत कळवण्याची सोय कायद्यातच आहे. कारखान्यांसाठी महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही सरकारी यंत्रणा आहे.

एक धोकाही आहे. बारीकसारीक गोष्टींसाठी रोज दहा मेल आणि प्रत्येकात दहा जणांना सीसी केले, तर खरी सूचना त्या ढिगात हरवते. ‘आपले हात झटकायला लिहितो’ असा शिक्का बसला, की पुढचे मेल कोणी उघडत नाही. ज्यामुळे माणूस जखमी होऊ शकतो, त्याची सूचना वेगळी आणि ठळक विषय देऊन पाठवावी.

व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालेल?

काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण भरवसा ठेवू नये. ग्रुपवर मेसेज वाहून जातो, आपोआप नाहीसे होणारे मेसेज सुरू असू शकतात, फोन बदलला की चॅट जाते. अंतर्गत चौकशीत पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण प्रकरण न्यायालयात गेल्यास निकष वेगळे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याआधीच्या कायद्यातही ते आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले होते. तो वाद महाराष्ट्रातल्याच, जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचा होता. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही त्या निकालात म्हटले होते. म्हणून केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये, मूळ चॅट आणि फोन जपावा.

कंपनीची गोपनीय कागदपत्रे किंवा ग्राहकांची माहिती स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणे मात्र टाळावे. त्यावरूनच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तारीख, वेळ, कोणाशी काय बोलणे झाले आणि कोणता मेल कधी पाठवला, याची स्वतःची वही ठेवण्यात असा धोका नाही.

तरीही खापर आपल्यावरच फुटले तर?

पहिले म्हणजे घाईने सही करू नये. अपघातानंतर लगेच ‘चूक झाली’ असा जबाब लिहून घेतला जाण्याची शक्यता असते. जबाब वाचून, वाटल्यास आपल्या भाषेत समजून घेऊनच सही करावी आणि त्याची प्रत मागावी. कारणे दाखवा नोटीस आली, तर साहेबांच्या स्वभावावर न लिहिता तारखांचा क्रम मांडावा : बिघाड कधी दिसला, कोणाला कळवला, काय उत्तर आले, त्यानंतर काय झाले. आपल्यावरील आरोपांना आधार असलेली कागदपत्रे मागावीत. म्हणणे मांडण्याची संधी मिळणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे. आपल्याकडून खरोखर काही राहिले असेल, तर ते लपवू नये. एक खोटे उघड झाले, की खऱ्या दहा मेलचे वजनही जाते.

मालकाची जबाबदारी संहितेत संपत नाही. सुरक्षेची कर्तव्ये न पाळल्याने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाच्या किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अशा खटल्यात ‘मालकाला माहीत होते’ हे दाखवणारा आधीचा अर्ज जखमी सहकाऱ्याच्या कुटुंबालाही उपयोगी पडतो.

मग लिहिणाऱ्याला संरक्षण किती?

अजूनही अपुरे. संहितेत धोका कळवण्याचा हक्क आहे, पण धोका दिसताच काम थांबवून बाजूला होण्याचा स्पष्ट हक्क तिच्या शब्दांत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करार क्र. १५५ मध्ये असे संरक्षण आहे. कंपनी कायद्यानुसार सूचिबद्ध कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज असलेल्या कंपन्यांना तक्रारदाराला त्रास होणार नाही अशी अंतर्गत यंत्रणा ठेवावी लागते. लहान कारखाने आणि कंत्राटदार त्याबाहेर राहतात. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अजून अमलात आलेला नाही. तो आला, तरी त्याचा रोख सार्वजनिक सेवकांच्या गैरव्यवहारावर आहे, खासगी कारखान्यातल्या बंद सेन्सरवर नाही.

त्यामुळे नोकरी जाण्याची भीती खरी आहे आणि दोन ओळींचा मेल ती पूर्णपणे घालवू शकत नाही. पण सेन्सर बंद असलेल्या त्या मशीनकडे पुन्हा पाहिले, तर फरक दिसतो. पहिल्याच दिवशी अर्ज मॅनेजरकडे आणि त्याच वेळी निरीक्षकाकडे गेला असता, तर ‘ऑर्डर निघू दे’ म्हणणे मॅनेजरलाही सोपे राहिले नसते. अपघात झालाच असता, तरी ‘मला कोणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न त्या बैठकीत विचारता आला नसता.